मोझॅक बेण्यातूनही येतो
‘पांढरी माशी मारली की साबुकंदावरचा मोझॅक संपला’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. साबुकंद म्हणजे टॅपिओका, ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो; मोझॅक हा त्याचा विषाणूजन्य रोग. माशी विषाणू पसरवते, पण साबुकंद लावतात तो खोडाच्या कांड्यांनी. झाड रोगट असेल तर कांडी विषाणू घेऊनच जमिनीत जाते, मग फवारा काय हवा तो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि पाती वेडीवाकडी, आकसलेली दिसली की त्या झाडावर तेव्हाच खूण करायची. काढणीपर्यंत पानं झडतात आणि मग रोगट-निरोगी खोड सारखंच दिसतं. बेणं 8-10 महिन्यांच्या झाडाच्या मधल्या भागातलं, 15-20 सेंमी लांब. कोवळा शेंडा टाकायचा. शंका असेल तर दोन डोळ्यांचे तुकडे सावलीच्या जाळीखाली तीन-चार आठवडे वाढवायचे आणि लक्षण दिसलेलं रोप उपटायचं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं ‘श्री पद्मनाभ’ हे प्रतिकारक वाण आहे; तमिळनाडूत सेलमकडे रुळलेलं एच-226 हे वाण मात्र मोझॅकला बळी पडतं.

आता साबुदाण्याच्या खिचडीबद्दल. ‘इंदूरच्या सराफा बाजारातली खिचडी मोकळी, घरची चिकट गोळा, म्हणजे घरच्या दाण्यात स्टार्चच हलका’ हा निष्कर्षही घाईचा. सराफ्यात भिजवून निथळलेला दाणा वाफेवर गरम होतो, कढईत ढवळला जात नाही. घरी पाणी जास्त राहतं, दाणा फुटतो, स्टार्च बाहेर येतो. खरा चिकटपणा हवा तर मेणचट स्टार्चची जात लागते. तिच्यात अमायलोज हा स्टार्चचा घटक जवळजवळ नसतो. साध्या साबुकंदात तो साधारण पाचवा हिस्सा असतो, आणि आपल्या इंदूरच्या सियागंज बाजारात येतो तो साबुदाणा साध्याचाच.