मदत हवी आहे : मॉडेल रेल्वे इंजिनाची मोटर दहा मिनिटांत तापते

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. वडिलांनी मिरज जंक्शनवर नॅरोगेजची गाडी दाखवली तेव्हापासून रेल्वेचं वेड आहे. घरी एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचा, मॉडेल रेल्वेचा छोटा लेआउट केलाय. त्यातलं जुनं डिझेल इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालतं. चार डबे लावले की दहा मिनिटांत बॉडीला हात लावता येत नाही, जळका वासही येतो. प्लास्टिक वितळेल या भीतीने आता चालवतच नाही.

आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते काढून गिअरला हलकं तेल दिलं, कम्युटेटरवरची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवरची) कार्बनची काजळी स्पिरिटने पुसली. चाकं हाताने मोकळी फिरतात. तरी मल्टिमीटरवर ०.८ अँपिअर दिसतं. वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) काढून नुसती मोटर फिरवली तरी ०.५ च्या खाली येत नाही! म्हणजे दोष मोटरमध्येच, असं मला वाटतं.

चुंबक कमजोर झालं की मोटर जास्त करंट ओढते, हे माहीत आहे. पण आर्मेचरचं वाइंडिंग (मोटरच्या फिरत्या भागावरचं तारेचं वेटोळं) शॉर्ट असेल तर ते वेगळं कसं ओळखायचं? सांगली-मिरजेत एवढी बारीक मोटर रिवाइंड करणारं कुणी आहे का? वडिलांनी घेऊन दिलेलं इंजिन आहे, टाकवत नाही.