चाकणला क्वालिटी इंजिनिअरचा इंटरव्ह्यू आहे, नेमकी कशाची तयारी करू?

शिरोलीची_इन्स्पेक्टर

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, २०२१ ची पासआउट. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये लाइन आणि फायनल इन्स्पेक्शन बघते. कास्टिंग फौंड्रीतून येतं, आमच्याकडं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल ट्रॅक्टरवाल्या कस्टमरकडं जातो. आता चाकणच्या एका मोठ्या ऑटो कंपोनंट कंपनीतून कॉल आलाय, क्वालिटी इंजिनिअरसाठी. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला. आधी क्वालिटी हेड टेक्निकल घेणार, मग शॉप फ्लोअरवर फिरवणार, शेवटी एचआर, असं फोनवर सांगितलंय.

सध्या सात क्यूसी टूल्स (क्वालिटीचे तक्ते, आलेख वगैरे) आणि कोअर टूल्स (ऑटो कंपन्यांच्या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धती) पाठ करत बसलेय. पण खरं सांगायचं तर एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधणं), एमएसए (मोजमाप भरवशाचं आहे का ते तपासणं) मी फक्त ट्रेनिंगमध्ये ऐकलंय, स्वतः कधी केलेलं नाही. ते विचारलं तर काय सांगू? इंग्रजी वाचायला जमतं, बोलताना अडखळते. घरी कपड्यांवरून वेगळाच गोंधळ चाललाय, आई म्हणते पंजाबी ड्रेस, भाऊ म्हणतो शर्ट-पँटच पाहिजे. आणि पगार! आत्ता हातात अठरा हजार पडतात. किती सांगू, म्हणजे जास्तही वाटणार नाही आणि नंतर हळहळही नको?

बुधवारी रात्रीच्या बसनं निघून सकाळी थेट पोचावं म्हणतेय. लई टेन्शन आलंय.

---

मोशी_टोलनाका

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त रस्त्याचं सांगतो, कारण रोज तेच भोगतो. रात्रीच्या बसने येऊन थेट इंटरव्ह्यूला जाऊ नका. बस पहाटे स्वारगेटला टेकली तरी तिथून चाकण गाठायचं म्हणजे भोसरी, मोशी करत पुणे-नाशिक रस्त्याने यावं लागतं, आणि सकाळच्या शिफ्टच्या वेळी तळेगाव चौकात एकदा अडकलात की देवाचं नाव घ्यायचं. बुधवारी दुपारीच या, नातेवाइकांकडे नाहीतर मैत्रिणीच्या रूमवर राहा.

दुसरं, एचआरला गेटचं लोकेशन मागून घ्या. पत्त्यात 'चाकण' लिहिलेलं असतं, पण कंपनी निघते खराबवाडीला, नाहीतर महाळुंगेला, निघोजेला, कुरुळीला. रिक्षावाल्याला नुसतं 'चाकण एमआयडीसी' सांगितलंत तर तो तुम्हालाच विचारेल, कुठलं?

---

तिसरी_पाळी

मी टाय लावून गेलो होतो, सिलेक्ट झालो. त्यामुळे टाय लावा. एवढंच सायन्स आहे.

---

जुना_गेज

भोसरी, रांजणगाव, चाकण असं फिरत फिरत क्वालिटीतच केस पांढरे केले. गेली बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसतो, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगतो. टायवाल्यांनी क्षमा करावी.

सात क्यूसी टूल्स पाठ कर, माझं काही म्हणणं नाही. पण मी ती विचारत नाही, कारण सगळ्यांची पाठ असतात. ऐकून ऐकून माझीही झाली. माझ्या टेबलावर एक मशीन केलेला पार्ट, त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर असतं. उमेदवार बसला की तिन्ही वस्तू पुढे सरकवतो आणि म्हणतो, "चहा येतोय, तोवर बघा." आणि गप्प बसतो.

बरेचजण व्हर्नियर उचलून लगेच मोजायला लागतात. जी मुलं काम केलेली असतात ती आधी ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक बघतात, रिव्हिजन नंबर कुठला, मटेरियल काय, जनरल टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठलं, डेटम (मापं जिथून धरायची त्या जागा) कुठे आहेत. पार्ट हातात घेतल्यावर अंगठा आपोआप कडेवरून फिरतो, बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कड, आहे का बघायला. व्हर्नियर घेतलं की जबडे पुसतात, बंद करून झिरो बघतात. आणि एखादाच असा निघतो जो व्हर्नियरवरचं कॅलिब्रेशनचं (साधन बरोबर मोजतंय हे तपासल्याचं) स्टिकर वाचतो आणि म्हणतो, "सर, याची ड्यू डेट गेलीय." ते व्हर्नियर मी मुद्दाम ठेवलेलं असतं. असं कोणी म्हणालं की निम्मा इंटरव्ह्यू तिथेच झाला.

मग मी बोअरवर, म्हणजे पार्टमधल्या गोल भोकावर, बोट ठेवतो. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २५ एच७. कशाने मोजाल? डिप्लोमा काय, डिग्री काय, पटकन उत्तर येतं, व्हर्नियरने. आता २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, अख्खं टॉलरन्स २१ मायक्रॉन. आणि टेबलावरच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. काय मोजणार त्याने, कपाळ? टॉलरन्सच्या साधारण एक दशांश वाचू शकेल असं साधन घ्यायचं, हा जुना हिशेब. लाइनवर गो, नो-गो प्लग गेज, एक टोक बोअरमध्ये जायला हवं, दुसरं जायला नको. पण ते फक्त पास-नापास सांगतं. साइज कुठे सरकतेय ते बघायचं तर एअर गेज किंवा डायल बोअर गेज. आणि बोअर ओव्हल असला तर नो-गो फसू शकतं, हेही जाता जाता बोललीस तर समोरचा खुर्चीत सरसावून बसेल. तू रोज बोअर तपासतेस ना? मग हे तुला पाठ करायची गरजच नाही, फक्त आठवून तोंडाने मोठ्याने बोलायची सवय कर.

एफएमईए, एमएसए केलेलं नाही तर सरळ सांग, "स्वतः केलेलं नाही, पण कशासाठी करतात ते माहीत आहे." आणि मग ते खरंच माहीत असू दे. एमएसएतलं गेज आर अँड आर म्हणजे मापांत फरक पडतोय तो पार्टमुळे, माणसामुळे की गेजमुळे हे वेगळं काढणं. साधारण १० पार्ट, ३ माणसं, प्रत्येकाने २-३ वेळा मोजायचं. माणूस आणि गेजमुळे येणाऱ्या फरकाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत आलं तर गेज चांगलं, १० ते ३० मध्ये कामाचं स्वरूप बघून ठरवायचं, ३० च्या वर गेलं तर त्या गेजवर विसंबून माल पास करू नये. एफएमईएत धोक्याला जो आकडा द्यायचे तो आरपीएन. पण "आरपीएन शंभरच्या वर गेला की ॲक्शन" असलं काही ठोकून देऊ नकोस. २०१९ च्या नव्या हँडबुकपासून आरपीएनच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी आली, हाय, मीडियम, लो. जुन्या नोट्समधून पाठ केलेला माणूस इथे लगेच ओळखू येतो.

आता मुख्य. शेवटी मी एकच विचारतो, "तुम्ही हाताळलेलं एक रिजेक्शन सांगा." यावर मी पंधरा-वीस मिनिटं घालवतो, बाकी सगळं तोंडी लावायला. याची तयारी कर. एकच केस, पण आतपर्यंत माहीत असलेली.

इंग्रजीचं म्हणशील तर स्वतःची ओळख चार वाक्यांत इंग्रजीत करता आली पाहिजे. पुढे "हिंदीत समजावलं तर चालेल का?" असं विचारायला लाजू नकोस, शॉपवर कोणी इंग्रजी बोलत नाही. पण ८डी रिपोर्ट (बिघाडाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) इंग्रजीत लिहावा लागतो. कागद पुढे करून "प्रॉब्लेम स्टेटमेंट लिहा" म्हणणारे असतात. काय बिघडलं, कुठे सापडलं, किती पीस, कधी, एवढं तीन ओळींत लिहून बघ.

कपडे कोणतेही घाल, धुतलेले आणि इस्त्रीचे. पण शॉपवर नेणार आहेत ना, मग ओढणी नको, केस घट्ट बांधलेले आणि पायात बंद बूट. सँडल घालून आलेल्यांना आत नेता येत नाही, बाहेर काचेतून मशीन दाखवावी लागते. आत गेल्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल. लाल रिजेक्शन बिन दिसला की तिथे जरा थांब आणि टॅग वाच. काही विचारावंसं वाटलं तर विचार. तिथेही कोणीतरी तुझ्याकडे बघत असतं.

---

पगारपत्रक

एचआरमध्ये आहे, म्हणून तेवढंच बोलते. हातात पडणारे अठरा गुणिले बारा करून फॉर्मवर 'करंट सीटीसी'च्या (तुझ्यावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) रकान्यात लिहू नकोस. सगळ्या जणी हेच करतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात. पगाराची स्लिप घे. तुझ्या पगारातून बेसिक आणि डीएवर १२ टक्के पीएफ कापला जात असेल तर मालकही आपला तेवढाच वाटा भरतो, तो सीटीसीत धरतात. बोनस, ग्रॅच्युइटी धरून वार्षिक आकडा बराच वर जातो. आणि आकडा फुगवूही नकोस. शेवटच्या ३ महिन्यांच्या स्लिपा आणि यूएएनचं (पीएफ खात्याचं) पासबुक आम्ही मागतोच.

किती मागायचं? आधी विचार, पद कुठल्या ग्रेडचं आहे, बस आणि कँटीन आहे का, किती कापतात, शिफ्ट फिरती आहे का, रात्रपाळीत जायची-यायची गाडी कोणाची. कोल्हापूर सोडून इकडे रूम घ्यायची म्हटल्यावर खर्च किती वाढतो ते मैत्रिणीला विचारून ठेव. मग आकडा सांग, आणि सांगून झालं की गप्प बस. "कमी-जास्त चालेल सर" हे वाक्य स्वतःहून जोडायचं नाही. ते आमच्या फार कामाला येतं.

सोडायचं कारण विचारतील. सध्याच्या मालकाची गाऱ्हाणी नकोत, खरी असली तरी. "एकाच कस्टमरचे पार्ट बघतेय, मोठ्या सिस्टीममध्ये काम शिकायचंय" एवढं पुरे. नोटीस पिरियड नेमणूकपत्रात किती लिहिलाय ते बघून ये.

आणि सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स आण. मोबाईलमध्ये फोटो आहेत म्हणू नकोस, कित्येक गेटांवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, नाहीतर फोनच ठेवून घेतात.

---

शिरोलीची_इन्स्पेक्टर

सगळ्यांचे खूप आभार. बुधवारी मावशीकडं पिंपरीला उतरतेय. बंद बूट आहेतच, रोजचेच पुसून घालेन.

जुना_गेज सर, माझी केस लिहिते, जरा बघाल का? बेअरिंग हाउसिंगचा २४० पीसचा लॉट गेला होता. कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर ६ पीसच्या बोअरमध्ये ब्लोहोल (ओतताना वायू अडकून झालेली पोकळी) सापडले. आम्ही लॉट परत आणला, शंभर टक्के तपासला, अजून ११ निघाले. फौंड्रीत जाऊन बघितलं तर पावसाळ्यामुळं वाळूत मॉइश्चर वाढलेलं. त्यांना दर दोन तासांनी मॉइश्चर चेक करायला लावलं, नुकसानीची डेबिट नोट पाठवली. आमच्या ऑपरेटर आणि इन्स्पेक्टरना समज दिली, ट्रेनिंग घेतलं.

---

जुना_गेज

केस चांगली आहे. फौंड्रीत स्वतः गेलीस हे आधी सांग, ते शेपटीला ठेवू नकोस.

पण तीन ठिकाणी मी तुला अडवेन. पहिलं, तो लॉट परत आणलास, बाकीच्यांचं काय? त्याच दिवसांत ओतलेलं कास्टिंग तुमच्या स्टोअरमध्ये होतं, मशीनवर होतं, फौंड्रीत होतं, कदाचित रस्त्यात गाडीतही होतं. ते सगळं थांबवलंस का? हीट कोडवरून (माल कुठल्या ओतीचा ते सांगणारा नंबर) वेगळं काढलंस का?

दुसरं, "समज दिली, ट्रेनिंग दिलं" हे ऐकलं की मी पेन खाली ठेवतो. उद्या तो ऑपरेटर सुट्टीवर गेला की पुन्हा तेच.

तिसरं आणि खरं. ब्लोहोल का झालं ते तू सांगितलंस, वाळू, मॉइश्चर, सगळं बरोबर. पण ते तुमच्या गेटमधून बाहेर कसं पडलं? बिघाड झाला का आणि सुटला का, हे दोन वेगळे प्रश्न, दोघांची 'का-का-का' वेगळी काढायची. उमेदवार पहिल्यावरच थांबतात. तुमच्याकडे बोअर कशाने पास करत होते? आणि कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशाने तपासायचं त्याच्या तक्त्यात) बोअरचं व्हिज्युअल, म्हणजे डोळ्यांनी बघणं, होतं का?

---

शिरोलीची_इन्स्पेक्टर

स्टोअरमधलं आणि मशीनवरचं थांबवलं होतं सर, फौंड्रीतलं पण. हीट कोडनंच वेगळं काढलं, ते लिहायचं राहिलं.

बोअर प्लग गेजनं पास करत होतो. आणि व्हिज्युअल नव्हतं! बाहेरच्या बाजूचं होतं, बोअरच्या आतलं नव्हतं. नंतर मीच टेबलावर दिवा लावून घेतला आणि चांगला-वाईट असे दोन पीस लिमिट सॅम्पल म्हणून टांगले. कंट्रोल प्लॅनमध्ये पण टाकून घेतलं. पण ते एवढं काय सांगायचं असं वाटलं.

---

जुना_गेज

अगं, तेच तर सांगायचं! प्लग गेज ब्लोहोलवरून सुळकन जातं, साइज बरोबर म्हणून पीस पास. गेज बरोबर, माणूस बरोबर, तरी माल वाईट गेला, कारण आत बघायचं कोणी ठरवलंच नव्हतं. ते तू ठरवलंस. डेबिट नोटचं वाक्य काढून टाक आणि त्या जागी दिवा घाल.

---

शिरोलीची_इन्स्पेक्टर

कळलं सर. शेवटचं एक. त्या पार्टचं ड्रॉइंग आणि आमच्या ८डीची प्रिंट फाइलमध्ये घालून नेऊ का? पुरावा म्हणून दाखवता येईल.

---

जुना_गेज

अजिबात नको. ड्रॉइंग कस्टमरचं आहे, तुझंही नाही आणि तुझ्या मालकाचंही नाही. तू मला त्यांचं दाखवलंस तर उद्या माझं दुसऱ्याला दाखवशील, हा विचार माझ्या मनात आलाच म्हणून समज. कोरा कागद मागून घे आणि हाताने चित्र काढ, एक गोल, आत बोअर, ब्लोहोल कुठे होतं तिथे फुली. मापं नकोत, कस्टमरचं नाव नको. पेन्सिल आणि खोडरबर बरोबर ठेव, एचआरच्या टेबलावर कधी नसतं.

---

पगारपत्रक

आमच्या टेबलावर असतं, सर. तुमचे लोक घेऊन जातात.