सिस्टिक फायब्रोसिस: थुंकीत एएफबी पॉझिटिव्ह, पण सीबीनॅट निगेटिव्ह

प्रश्न (पालक, तासगाव, जि. सांगली)
सर्वांना नमस्कार. माझ्या १६ वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट, चिकट कफ साठणारा आनुवंशिक आजार) आहे. हल्ली खोकला वाढला आहे, वजन घटते आहे आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी उतार पडत नाही. थुंकीची स्मिअर तपासणी (स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली केलेली) एएफबी, म्हणजे टीबीच्या कुळातील जिवाणूंसाठी पॉझिटिव्ह आली, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणी मात्र निगेटिव्ह आहे. एका डॉक्टरांनी टीबीची औषधे लगेच सुरू करण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी थांबण्याचा सल्ला दिला. घरची द्राक्षबाग असल्याने तिचा मातीशी नेहमी संबंध येतो. त्यातून हे झाले असेल का?

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज)
स्लाइडवरच्या निळ्या पार्श्वभूमीवर दिसणारी लाल काडी टीबीची आहे की त्याच कुळातील दुसऱ्या जिवाणूची, हे पाहून सांगता येत नाही. सीबीनॅट फक्त टीबीच्या जिवाणूचा जनुकीय अंश शोधते, म्हणून असा निकाल आल्यास टीबीखेरीजच्या मायकोबॅक्टेरियाची (याच कुळातील जिवाणूंची) शंका घ्यावी लागते. वेगवेगळ्या दिवशी किमान दोन नमुने कल्चरला (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) द्यावेत आणि प्रजातीची ओळखही मागावी. फॉर्मवर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ असे ठळक लिहावे. या रुग्णांच्या थुंकीतील स्यूडोमोनास हा दुसरा जिवाणू इतक्या झपाट्याने वाढतो की नमुन्यावर जादा प्रक्रिया केली नाही, तर कल्चर वाया जाते.

उत्तर (छातीविकार डॉक्टर, सातारा)
वरील उत्तराशी सहमत आहे. हे जिवाणू मातीत आणि नळाच्या पाण्यातही असतात, त्यामुळे बागेला दोष देता येणार नाही. एकदा कल्चर पॉझिटिव्ह आले म्हणजे रोग ठरत नाही. लक्षणे, सीटी स्कॅन आणि दोन कल्चर यांचा मेळ बसावा लागतो. कल्चरमध्ये या जिवाणूंचा एव्हियम गट निघाल्यास साधारणपणे अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल एकत्र देतात व कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही १२ महिने चालू ठेवतात. ॲब्सेसस ही प्रजाती निघाल्यास टीबीच्या नेहमीच्या गोळ्या निरुपयोगी ठरतात आणि अमिकासिनसारखी इंजेक्शने काही आठवडे द्यावी लागतात. मुलगी आयव्हाकाफ्टर (सिस्टिक फायब्रोसिसचे औषध) घेत असल्यास रिफॅम्पिसिनमुळे त्याचा परिणाम फार घटतो, हेही पाहावे लागेल. ती अझिथ्रोमायसिन घेते का, हे आपण लिहिलेले नाही.

प्रश्नकर्ता
हो डॉक्टर, आठवड्यातून तीनदा घेते. आयव्हाकाफ्टर मात्र नाही.

उत्तर (छातीविकार डॉक्टर, सातारा)
मग कल्चरच्या निकालाची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला. दाह कमी व्हावा म्हणून अझिथ्रोमायसिन दिलेले असेल; परंतु हा संसर्ग असताना ते एकटेच चालू राहिले, तर जिवाणू त्याला दाद देईनासा होतो आणि पुढच्या उपचारातील मुख्य औषध हातचे जाते. मात्र परस्पर बंद करू नका.