तीन गाळे, एकच भाव : ही स्पर्धा म्हणायची का?

शनिवारकर

आईचं वय ७८. फोन बटणांचा. साताऱ्याची मावशी रोज संध्याकाळी सातला फोन करते तो उचलायचा, एवढंच त्याचं काम. मागच्या मंगळवारी मावशीचा फोन लागेना. तिने घाबरून शेजारच्या बिऱ्हाडात फोन केला, ते धावत वर आले, तर आई शांतपणे शेंगा सोलत बसलेली. रिचार्ज संपला होता, म्हणून इनकमिंग बंद. मग १९९ भरले. २८ दिवस, वर २ जीबी डेटा. तो डेटा त्या फोनात ओतायला भोकसुद्धा नाही.

२०१८ च्या अखेरीस नुसता नंबर जिवंत ठेवायला ३५ रुपये पुरायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचे ९९ झाले आणि जुलै २०२४ पासून १९९. त्यात महिना २८ दिवसांचा, म्हणजे यांच्या वर्षाला महिने तेरा!

आणि जून २०२४ आठवा. २७ तारखेला जिओने दरवाढ जाहीर केली, २८ ला एअरटेल आणि व्हीआयनेही. मंडईत तीनच गाळे असावेत आणि तिन्हींवर कांदा एकदम महागावा, तर आपण काय म्हणतो? फोनच्या बाबतीत मात्र त्याला 'मार्केट' म्हणायचं.

टॉवरखाली

दाखला मंडईचाच घेऊ. आवक घटली की तिन्ही गाळ्यांवर भाव एकाच सकाळी चढतो. त्यासाठी रात्री कोणी बैठक घ्यावी लागत नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये साटंलोटं धरायचं तर आपसात काही ठरलं होतं हे दाखवावं लागतं. भाव सारखे आहेत, एवढ्यावर ते सिद्ध होत नाही.

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेलचं काम बघतो. तुमच्या १९९ मधले ३० रुपये आधी जीएसटीत जातात. उरलेल्यातून परवाना शुल्क, स्पेक्ट्रमचे हप्ते, जागेचं भाडं, वीज. २०२२ च्या एकाच लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटींचं स्पेक्ट्रम घेतलं. काकूंचा फोन दिवसातून एकदाच वाजत असेल, पण तो सातला वाजावा म्हणून टॉवर चोवीस तास चालूच ठेवावा लागतो. खर्च मिनिटांचा नसतोच, हजर राहण्याचा असतो.

आणि १९९५ साली मिनिटाला सोळा रुपये मोजत होते लोक. इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे. ते फुकट झालं २००३ मध्ये.

मिस्डकॉल

सोळा रुपयांचं तुणतुणं आता पुरे हो. तेव्हा आमच्या घरी लँडलाइन होती आणि ती पुरत होती.

स्पर्धा काय असते ते २००९ मध्ये पाहिलंय. टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि काही महिन्यांतच बाकीच्यांना झक मारत सेकंदावर यावं लागलं. तोवर ६१ सेकंद बोललं तरी दोन मिनिटांचे पैसे. मी तेव्हा स.प. कॉलेजला होते. ५५ व्या सेकंदाला "चल ठेवते" म्हणायची सवय होती, ती त्या वर्षी सुटली. कोणी कायदा केला नव्हता. एक नवा भिडू आला, बस.

टॉवरखाली

आणि त्या भिडूचं पुढे काय झालं, तेही लिहा की. २०१७ मध्ये टाटांनी मोबाइलचा धंदा एअरटेलकडे द्यायचं जाहीर केलं. एअरसेल गेली, धाकट्या अंबानींची आरकॉम गेली. आयडिया आणि व्होडाफोन २०१८ मध्ये एकत्र झाल्या, तीच व्हीआय. स्वस्ताई आपल्याला आवडली, पण तिचं बिल कोणीतरी भरत होतंच ना?

शनिवारकर

अहो, तेच तर म्हणतोय! ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली. ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजत होतो, त्यामुळे फुकटाला कोण नाही म्हणणार? मीही टिळक रोडला रांगेत उभा होतो, खोटं कशाला बोलू. एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली. जून २०१७ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. म्हणाले, जिओ नवी आहे, बाजारात तिचं वर्चस्व नाही, मग वर्चस्वाचा गैरवापर कसला? कायद्याच्या शब्दाला धरून असेल ते. पण जो वर्चस्व मिळवण्यासाठीच फुकट वाटतो, त्याच्याकडे वाटताना वर्चस्व कुठून असणार? ते आलं तोवर गाळे उठून गेले होते.

हिंजवडी_फेज३

मी उलट बाजूने लिहितो, मारू नका. दिवसाला २ जीबी कमी पडतात मला. घरून काम, बायकोचे ऑनलाइन क्लास, मुलाची कार्टून. बसचा पास आणि दूध याच्यापुढे फोनचा खर्च किरकोळ आहे. २०१५ चे दर आज असते तर मी भिकेला लागलो असतो. दर वाढले, मान्य, पण मुळात खड्ड्यातून वर येतायत.

मिस्डकॉल

तुमचं स्वस्त आहेच. प्रश्न काकूंचा आहे. हॉटेलात नुसता चहा मागितला तर म्हणतात थाळी घ्यावीच लागेल, आणि शेजारच्या टेबलावरचे म्हणतात थाळी किती स्वस्त आहे!

टॉवरखाली

नुसता चहाही मिळतो आता. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला. डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवलाच पाहिजे, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १८४९. जिओचा ८४ दिवसांना ४४८. १९९ तेरा वेळा भरले तर २५८७ होतात. म्हणजे वर्षाच्या पॅकमध्ये ७३८ रुपये वाचले. काकूंना हा पॅक का नाही मारला?

शनिवारकर

कारण मला तो माहीतच नव्हता. मी गेली दीड-दोन वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "आईचं नेहमीचं" म्हणतो आणि तो १९९ मारतो. आज ॲपमध्ये शोधला. वरची सगळी पानं डेटा आणि ओटीटीची. हा पॅक पार तळाशी, जुन्या पुस्तकाच्या दुकानात शेवटच्या फळीवर असावा तसा. नियमाने ठेवायला लावलं, पण दर्शनी ठेवा असं कोणी सांगितलं नसावं. ३० दिवसांच्या पॅकचंही तसंच. २०२२ मध्ये ट्रायने निदान एक तरी ठेवा म्हणून सांगितलं, तर एक ठेवला.

बोरावके_वाडा

इतका त्रास आहे तर पोर्ट करा ना, नंबर तोच ठेवून कंपनी बदला. १९०० वर एसएमएस, काम झालं. जानेवारी २०११ पासून देशभर सोय आहे. बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नव्हते, तेव्हा आमच्या बिल्डिंगीतली चार घरं तिकडे गेली.

शनिवारकर

आणि किती परत आली? :)

आमचा वाडा दगडी, भिंती दीड हात जाड. आतल्या खोलीत एकाच कंपनीची रेंज येते, तीही देवघराच्या खिडकीशी. आईने तिथे स्टूल ठेवलंय, सातला पाच कमी असताना ती तिथे जाऊन बसते. धाकट्या भावाने दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं, बोलायला अंगणात जावं लागलं. पोर्ट करायचा हक्क आहे, पण भिंतीतून जाणारी कंपनी एकच आहे.

हिंजवडी_फेज३

भिंतीचा दोष कंपनीवर नका घालू राव.

मिस्डकॉल

घालत नाहीयेत. पोर्टिंग म्हणजे स्पर्धा, हे गणित कागदावरचं आहे, एवढंच म्हणतायत. वेल्ह्याच्या बाजूला माझं माहेर आहे. तिथे 'कोणती कंपनी घेऊ' असं विचारायचं नसतं, 'कोणती येते' असं विचारतात.

टॉवरखाली

हे मात्र मान्य. पण मग वेल्ह्यात टॉवर कोण उभारणार आणि कशातून? दर दाबून ठेवा म्हणाल तर तिथे दुसरी कंपनी कधीच चढणार नाही. ट्राय आज दर ठरवत नाही. कंपनी दर लावते आणि सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवते. उद्या सरकारने दर बांधून दिले तर पहिली आचके देईल ती आधीच कर्जात असलेली तिसरी कंपनी. मग दोनच गाळे उरतील. तेव्हा धागा काढा, मीही तुमच्या बाजूने लिहीन.

शनिवारकर

दर बांधा असं मी कुठे म्हटलं? ३५ चा गाळा परत उघडा म्हणतोय. इनकमिंग चालू, बाकी मिनिटाला पैसे घ्या, हवे तर दीड रुपया घ्या. हजर राहण्याचा खर्च तुम्ही म्हणता तसा असेलही. पण तो सहा वर्षांत साडेपाचपट होतो आणि तेवढ्याच काळात हिंजवडीवाल्यांना 'किरकोळ' वाटत राहतो, तर तो खर्च कोणाच्या ताटात वाढला जातोय ते दिसतंच आहे.

टॉवरखाली

याला उत्तर देतो, जरा आकडेमोड करून. आज साइटवर आहे.

ता.क. काकूंचा १८४९ मारलात का?

शनिवारकर

काल संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "वर्षभराचे एकदम कशाला भरतोस? माझा काय भरवसा?" मावशीला फोनवर हेच सांगितलं आणि दोघी पाच मिनिटं हसत होत्या.

८४ दिवसांचा मारलाय.