मदत हवी आहे: मामांचं हायड्रोसील, आता दुखायला लागलंय

नमस्कार मंडळी. माझे मामा चंद्रपूर जिल्ह्यात खेड्यावर असतात, साठी ओलांडलेली. उजव्या अंडकोषाला बरीच वर्षं सूज आहे. दुखत नव्हती, म्हणून लाजेपोटी कोणाला बोलले नाहीत. धोतरात झाकून शेतीची कामं करत राहिले. मध्यंतरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून टॉर्च लावला, तर उजेड लालसर आरपार दिसला. पाणी भरलंय, यालाच हायड्रोसील म्हणतात, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. आमच्या भागात हत्तीरोग आहेच, त्यानेही असं पाणी भरतं, आणि त्याचे जंतू रात्री रक्तात दिसतात, म्हणून रात्रीचं रक्तही तपासायला सांगितलंय.

आता तिथे ठणका लागलाय. ताप, उलटी नाही. अचानक जोराची कळ आणि उलटी झाली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. ताप किंवा लाली आली तरी थांबायचं नाही, हे मामींना बजावून ठेवलंय. उद्या सर्जनकडे नेतोय.

मामांचं एकच, "मले काई नाई झालं, सुईनं पानी काढून घेतो." पण तसं काढलेलं पाणी बहुतेक वेळा पुन्हा भरतं, शिवाय जंतुसंसर्गाची भीती.

घरात कोणाचं हे ऑपरेशन झालंय का? सरकारी दवाखान्यात केलं असेल तर अनुभव सांगा. मामांना शुगर आहे, जखम भरायला वेळ लागला का? वजन उचलायला कधी परवानगी मिळाली? आणि अशा लाजणाऱ्या माणसाला तुम्ही कसं तयार केलंत?