विषय: भेदभावविरोधी ऑर्डिनन्सला (शहराच्या स्थानिक कायद्याला) आपल्या मराठी मंडळाचं समर्थनपत्र द्यावं का?

नमस्कार मंडळी,
सिटी काउन्सिलपुढे भेदभावविरोधी ऑर्डिनन्सचा मसुदा आला आहे. नोकरी, भाड्याचं घर, दुकानं आणि हॉटेलं इथे समलैंगिक व ट्रान्सजेंडर व्यक्तींना त्यामुळे संरक्षण मिळेल. मंडळाने पाठिंब्याचं पत्र द्यावं, असा प्रस्ताव एका सभासदाकडून आला आहे. कार्यकारिणीच्या बैठकीआधी आपली मतं कळवावीत.
– सचिव

सचिवांस सप्रेम नमस्कार,
राजकारणात पडायचं नाही, हा मंडळाचा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे. शिवाय नोकरीतल्या लिंगभेदाला असलेल्या बंदीत समलैंगिक व ट्रान्सजेंडर व्यक्तीही येतात, असा निकाल २०२० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बॉस्टॉक खटल्यात दिलेला असताना वेगळ्या स्थानिक कायद्याची गरज काय? कुणाविषयी माझ्या मनात आकस नाही. पण उद्या आपल्या धार्मिक कार्यक्रमांवर बंधनं आली तर?
– एक आजीव सभासद

काका, नमस्कार.
प्रस्ताव माझाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बॉस्टॉकचा निकाल नोकरीपुरता आहे, आणि तो ज्यावर आधारलेला आहे तो केंद्राचा कायदा १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथेच लागू होतो. आठ-दहा माणसांच्या दवाखान्यातून कुणाला याच कारणावरून काढलं, तर आपल्या राज्यात आज दाद मागायला जागा नाही. हॉटेल-थिएटरांचं तर विचारूच नका. १९६४ च्या केंद्रीय कायद्याने तिथे वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी केली. लिंग त्या यादीत नाहीच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार केंद्राच्या आयोगाकडे १८० दिवसांत करावी लागते. तशाच भेदभावाला बंदी करणारा स्थानिक कायदा असेल आणि तो राबवणारी यंत्रणा असेल, तर ही मुदत ३०० दिवस होते. नोकरी गेलेल्या माणसाचे पहिले काही महिने नवी नोकरी शोधण्यातच जातात, हे एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर राहिलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको.

शहरांनीच यात आधी पाऊल टाकलं आहे. मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगने १९७२ मध्ये नोकरीतल्या भेदभावाला बंदी घातली. मिशिगन राज्याच्या कायद्यात ते यायला २०२३ उजाडलं. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारं पहिलं अमेरिकन शहर सिएटल, तेही २०२३ मध्येच. पण असे कायदे टिकतातच असं नाही. ह्यूस्टनचा ऑर्डिनन्स २०१५ मध्ये मतदारांनीच रद्द केला. म्हणून समाजसंस्थांनी आत्ताच उघडपणे बोलायला हवं.

राजकारणाचं म्हणाल, तर ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. एखाद्या कायद्याविषयी मर्यादेत राहून मत मांडता येतं. धार्मिक संस्थांना मसुद्यात सूट आहे. ते कलम तुम्हाला वेगळं पाठवतो.
– प्रस्ताव मांडणारा सभासद

मंडळी,
मी सहसा इथे लिहीत नाही. माझी मुलगी आणि तिची जोडीदार याच शहरात घर शोधत होत्या. फोनवर सगळं ठरलं होतं, पगाराच्या स्लिपा दिल्या होत्या. किल्ल्या घ्यायला दोघी गेल्या तेव्हा घरमालकाने विचारलं, "बहिणी का?" लेकीने खरं सांगितलं. त्याने फॉर्म परत त्यांच्या हातात ठेवला आणि घर दुसऱ्याला दिलं म्हणाला. जाहिरात मात्र पुढेही कितीतरी दिवस तशीच होती. तक्रार कुठे करायची, हे आम्हाला कुणीच धड सांगू शकलं नाही.

याच मंडळाच्या शाळेत ती बाराखडी शिकली. जनसुनावणीत बोलायला मी नाव नोंदवलं आहे. बोलायला जेमतेम काही मिनिटं मिळतात, आणि मला इंग्रजीत भाषण करायची सवय नाही. मंडळाचं पत्र सोबत असेल तर मला फार बळ येईल.
– एक सभासद

ताई,
हे मला माहीत नव्हतं. पत्राचा मसुदा आधी सर्वांना पाठवावा आणि धार्मिक संस्थांच्या सवलतीचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा, एवढं माझं म्हणणं कायम आहे. तो असेल तर माझी हरकत नाही. सुनावणी कधी आहे ते कळवा, मी येतो.
– आजीव सभासद