मदत हवी आहे : सेल्सिअसमधला ताप आईला कसा समजावू?

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात राहतो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर फुटला, नवीन डिजिटल आणला तर तो सेल्सिअस दाखवतो. परवा रात्री पोरीचा आकडा आला 38.4. आई म्हणाली, "दुपारी बाहेर 45 होतं, मंग 38 म्हणजे काहीच नाही!" कपाळ तर तव्यासारखं तापलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, 101 च्या वर गेला की घेऊन या. मी 1.8 ने गुणून 32 मिळवले, 101.1 निघाला! तसेच निघालो. आता पोरगी बरी आहे.

पण मी दिवसभर वावरात, आणि आईला असा हिशेब जमत नाही. 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2 असं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय. मधल्या पॉइंटांसाठी एखादी तोंडी रीत आहे का? की बटण दाबून धरलं की थर्मामीटरच फॅरनहाइटवर येतो? कोणी केलं असेल तर नक्की सांगा.